दिवाणावर काळा पडणारा लॅपटॉप

“लाइट लागून राहिली, आतला पंखा फिरून राहिला, पन स्क्रीन काळीच,” भाऊ फोनवर सांगत होता. “ताई, तू ये अन् एकदा पाह्य. इथल्या दुकानवाल्याले काई समजून नाई राहिलं.”

आमच्या घरात काही बिघडलं की मला फोन येतो. मी इंजिनिअर नाही. अमरावतीत एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. तिथले प्रिंटर, संगणक, झेरॉक्सचं मशीन, झालंच तर प्राचार्यांच्या खोलीतला कूलर, हे सगळं दुरुस्तीवाला येईपर्यंत मीच चालतं ठेवते. घरी मिक्सर आणि पाण्याची मोटर. हात लावायची भीती नसली की बरीचशी दुरुस्ती होऊन जाते, हा माझा अनुभव. त्यामुळे अकोल्याला माहेरी माझा एक मान होता आणि तो मला आवडायचा.

लॅपटॉप भावजयीचा होता. खरं म्हणजे तिचाही नाही, कंपनीचा. पुण्याची एक कंपनी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या ऑनलाइन चालवते. भावजय त्यांच्यासाठी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवायची. ती पातूरची, फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. बी.एस्सी. आणि बी.एड. होऊन आमच्या घरात आली आणि त्यानंतर भावाचं कृषी केंद्र, आईचं आजारपण आणि दोन मुलांचे डबे यांत तिचं शिक्षण तसंच पडून राहिलं. मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर तिने कोणालाही न विचारता अर्ज केला, परीक्षा दिली आणि ही नोकरी मिळवली. नोकरी आधी काही महिने तात्पुरती, काम पटलं तर पक्की.

हिवाळाभर सगळं नीट चाललं. उन्हाळा लागला आणि स्क्रीन काळी पडायला लागली. भर तासात. मुलं वाट पाहून निघून जायची, मग त्यांच्या पालकांच्या तक्रारी. कंपनीने तिला बजावलं होतं की असंच चाललं तर तिचा गट दुसऱ्या शिक्षिकेला देऊ. म्हणजे नोकरी गेलीच.

भावाने लॅपटॉप गावातल्या दुकानात नेला होता. तिथे काउंटरवर ठेवून बटण दाबलं तर चालू. दुकानदार म्हणाला, “हे तर चालू हाय ना, भाऊ. गरमीनं होते तसं. हवेत ठेवत जा.” अकोल्यात उन्हाळ्यात गाडी सुरू होवो न होवो, दूध नासो की नवरा-बायकोचं भांडण होवो, कारण हेच सांगतात. ऐकणाऱ्यालाही ते पटतं. लॅपटॉप घरी आला आणि पुन्हा काळा.

हे घर उन्हाळ्यात एका खोलीत राहतं. आतल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून मोठा लोखंडी कूलर लावलेला आहे आणि खिडकीखाली दिवाण. हिवाळ्यात भावजय हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकवायची. ऊन तापायला लागल्यावर ती दिवाणावर आली. मागच्या भिंतीला एक कोरी चादर टांगली, म्हणजे मुलांना घर दिसू नये. मांडी घालून बसायचं, समोर दिवाणावर लॅपटॉप. दुकानदाराने हवेत ठेवायला सांगितल्यापासून तर तो तिथून हलवायचा प्रश्नच नव्हता.

मी एका रविवारी सकाळच्या गाडीने अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनहून निघाले आणि अकोल्याला पोचले. भावजय तासाच्या तयारीत होती. लॅपटॉप चालू होता. “आता पाहा कसा शहाण्यावानी चालू हाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, चालू राहू दे, बंद पडला की हाक मार. आणि आईजवळ स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसले.

तिचा आवाज इकडे येत होता. अपूर्णांक शिकवत होती. चांगलं शिकवत होती, हे मला आज लिहावंसं वाटतं. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग आवाज थांबला आणि हाक आली, “ताई, या ना. झालं पाहा बंद.”

मी गेले. बटणाजवळचा दिवा लागलेला, पंख्याची घरघर येते आहे आणि स्क्रीन तव्यासारखी काळी. सगळ्यात आधी मी स्क्रीनचा उजेड वाढवायची बटणं दाबली. काही नाही. मोबाइलची बॅटरी लावून तिरप्या उजेडात स्क्रीन निरखली, कारण आतला दिवा गेला असला तर चित्र अगदी पुसट दिसतं. तेही नाही. चार्जर काढला, लावला. भावजय काठावर बसून हात चोळत होती.

“पोरं वाट पाहून राहिले असतीन, ताई.”

“यावर काही सांडलं का?”

“नाई.”

“चहा? पाणी? खरं सांग, मी कोणाला सांगणार नाही.”

“नाई म्हटलं ना, ताई.”

त्या ‘म्हटलं ना’चा मला राग आला. तेवढ्यात आई दारात आली. झालं का, म्हणून तिने विचारलं. मी तिच्याकडे वळले आणि बोलले. माहेरच्या घरात पाय ठेवला की माझी भाषाही माहेरची होते.

“दुकानात चालते, भाऊच्या हातात चालते, हिच्याच हातात बंद पडते. मशीनले काई झालं नाई, आई. हिले झेपून नाई राहिलं. तास घ्याचा कंटाळा आला का स्क्रीन काळी. पातुरात भाजीचे गड्डे विकनं वेगळं अन् पुन्याच्या पोरायले गनित शिकवनं वेगळं.”

“अवं, हळू बोल,” आई म्हणाली.

“कावून हळू? कोन ऐकून राहिलं इथं?”

 भावजयीने फक्त ओढणी सारखी केली. मी बटण दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत, आणि म्हटलं की आता टीव्हीला जोडून पाहू. टीव्हीवर चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या वायरीचा, नाही आलं तर आतला. ही रीत मला कार्यालयात पाठ झाली आहे.

लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन टीव्हीच्या टेबलावर ठेवला. भाऊ कपाटात वायर शोधत होता. मी सहज बटण दाबलं आणि वायर लावायच्या आधीच स्क्रीन उजळली. रंग, अक्षरं, सगळं जागच्या जागी.

“तुह्या हाताले यश हाय, ताई,” भाऊ म्हणाला.

भावजय म्हणाली, “मी बी हेच सांगून राहिली ना इतके दिवस. इकडे आनला का चालते. तिकडे बंद पडते. मी हॉलातच बसत जाईन आता.”

“हॉलात भट्टी हाय,” भाऊ म्हणाला. “इथं तर उलटा लवकर बंद पडन. दुकानवाल्यानं काय सांगतलं?”

मी म्हटलं, “लॅपटॉपाले काय खोली समजते?” भाऊ हसला. आईही हसली. मीही.

लॅपटॉप मी अमरावतीला घेऊन आले. त्या आठवड्यात कंपनीने तिचे तास थांबवून ठेवले होते आणि रविवारी दुपारी तिच्याशी बोलून काय ते ठरवणार होते. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, धूळ झटकली, आतल्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या आणि काही दोष नाही म्हणाला. मी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो तासन्‌तास चालू ठेवायचे. मालिका पाहिल्या. एकदाही काळा पडला नाही. भावाला फोन करून सांगितलं, “मशीन एकदम चांगलं आहे. तू तिला विचार काय ते.” फोन ठेवताना मला समाधान वाटलं होतं. दोष सापडल्याचं समाधान.

रविवारी मी पुन्हा अकोल्याला. भावजयीने कच्चा चिवडा आणि चहा आणून ठेवला. नेहमी ती समोर बसते, या वेळी उभीच राहिली आणि कप उचलून आत गेली. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. खोटं उघडं पडलं की माणूस असंच तोंड चुकवतं, असं मला वाटलं.

दुपारी कंपनीच्या मॅडम व्हिडिओवर येणार होत्या. भावाने मलाही तिथे बसायला सांगितलं, मशीनबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला. मी म्हटलं, मी जे पाहिलं तेच सांगणार. भावजय म्हणाली, “तुमी सांगा जे सांगाचं ते, ताई.”

कूलरच्या खोलीत आम्ही चौघं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, दिवाणावर ठेवला, बटण दाबलं. दिवा लागला. पंखा सुरू झाला. स्क्रीन काळी.

आठवडाभर माझ्या टेबलावर सुरळीत चाललेलं मशीन. खालून काही अडकलं का ते पाहायला मी ते दोन्ही हातांनी उचललं. स्क्रीन उजळली. खाली ठेवलं, काळी. पुन्हा उचललं, उजळली.

“हे काय होऊन राहिलं अवं,” भाऊ म्हणाला.

मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. चालू. दिवाणाच्या कडेच्या लाकडावर ठेवला. चालू. मधोमध गादीवर ठेवला, काळा. थोडा डावीकडे सरकवला तर उजळला, पुन्हा सरकवला तर काळा. मग मी दिवाणावरची चादर ओढली.

खाली माझी गादी होती.

ही गादी काय आहे ते सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वी अमरावतीत चुंबकाच्या गाद्यांचं वारं आलं होतं. पातळ गादी, आत ओळीने चुंबकाच्या चकत्या शिवलेल्या. पाठ, गुडघे, रक्तदाब, झोप, सगळ्यावर उपाय. एकाने घ्यायची आणि आणखी चौघांना द्यायची, अशी ती साखळी. मी कार्यालयात अंगारे-धुपारे करणाऱ्या बायकांना हसते. पण एका सभागृहात डॉक्टरसारख्या दिसणाऱ्या माणसाने तक्ते दाखवून सांगितलं तेव्हा मीही घेतली. मग नात्यातल्या लोकांना गळ घातली. अकोल्याच्या घराला आईच्या पाठीसाठी म्हणून घ्यायला लावली. भाऊ मला नाही म्हणत नाही. साखळी वर्षभरात बंद पडली, मी तो विषय पुन्हा काढला नाही. माझी स्वतःची गादी मी मोलकरणीला देऊन टाकली.

पण अकोल्याची गादी अकोल्यात राहिली. आणि होळीनंतर मी माहेरी गेले होते तेव्हा ती मला माळ्यावर गुंडाळून ठेवलेली दिसली. मी तेव्हा जे म्हणाले ते आईने त्या दुपारी मला ऐकवलं, कारण मी विसरले होते.

“तूच तर म्हनलीस, नंदेनं देलेली वस्तू तुमाले अडचन होते का म्हून. मंग काय, काढली खाली. मले तर चकत्या टोचतात, मी नाई निजत तिच्यावर. म्हनलं टाका कूलरपाशी दिवानावर, ताईले येता-जाता दिसन.”

आमच्याकडे नणंदेने आणलेलं काही तिच्या डोळ्यांआड ठेवत नाहीत. ते वापरात नसलं तरी दिसलं पाहिजे. मला हे माहीत होतं. त्याच जोरावर मी बोलले होते.

मी साडीची पिन काढून गादीवर टाकली. ती कापडाला जाऊन चिकटली, उभी राहिली. लॅपटॉपच्या झाकणात छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा एक तुकडा. झाकण बंद झालं की चुंबक जवळ येतं आणि स्क्रीन विझते. लॅपटॉप जरा सरकून गादीतली चकती बरोबर त्या तुकड्याखाली आली, तरी मशीनला वाटतं की झाकण लागलं. बाकी सगळं चालू राहतं, स्क्रीन तेवढी बंद. हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. आमच्याच कार्यालयात परीक्षांच्या दिवसांत एकावर एक लॅपटॉप ठेवले की वरचा काळा पडायचा. मीच नव्या मुलींना ओरडायचे, ‘एकावर एक ठेवू नका’.

म्हणजे मला लागणारी सगळी माहिती माझ्याकडे होती. खोलीचं भावजयीने सांगितलं होतं, चुंबकाचं मला ठाऊक होतं, गादी माझी होती.

भाऊ गादीकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. मॅडमचा फोन यायला थोडाच वेळ होता. मी जे पहिलं बोलले ते हे:

“आपण सांगू, आतली वायर ढिली होती, मी अमरावतीहून बसवून आणली. झालं. पुन्हा तर बंद पडणारच नाही.”

भावाने लगेच मान हलवली. “हो, तसंच सांगू. गादीबिदी कायले सांगाची. हसतीन लोक.”

भावजय भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, “त्यायले नाई चालनार ते. त्या म्हनतीन, मंग घरचेच लोकं ‘ही खोटं बोलते’ असं कावून म्हनून राहिले होते. रेकॉर्डिंग हाय त्यायच्यापाशी.”

“कशाचं रेकॉर्डिंग?”

“त्या दिवशीच्या तासाचं. स्क्रीनच तं बंद होती. माइक चालू होता. पोरं गलबला करतात म्हून मी साऱ्यायचे आवाज बंद केले होते, म्हून आपल्याले काई ऐकू नाई आलं. त्यायले सारं ऐकू गेलं. तुमी बोलल्या ते.”

माझी कानशिलं तापली. कूलर समोर होता.

“तुला कधी कळलं?”

“मंगळवारी. पाठवलं त्यायनं मले. एका पोराच्या आईनं तक्रार केली, का मॅडमच्या घरचेच म्हनतात ह्या नाटक करतात.”

“मग मला का नाही सांगितलंस? फोन करायचा.”

“काय सांगू?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “तुमी बोलल्या तवा मी तिथंच बसली होती ना.”

 आईने पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊ म्हणाला, “मी पाहतो कोनी आलं का,” आणि हॉलमध्ये गेला. कोणी आलेलं नव्हतं.

लॅपटॉप खुर्चीवर होता. त्यावर घंटी वाजली. भावजयीने तो उचलला, मांडीवर घेतला. पडद्यावर एक तरुण मुलगी, कानात वायर, मागे पांढरी भिंत. माझ्या कार्यालयातल्या नव्या मुलींएवढी. पुण्याची स्वच्छ मराठी.

“मॅडम, आज दिसताय. लॅपटॉप दुरुस्त झाला का?”

भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप माझ्या बाजूला वळवला. “ह्या माह्या ताई. ह्या सांगतीन.”

मी कार्यालयात विद्यापीठाच्या तपासणी समितीपुढे बोलले आहे. अडखळले नाही कधी. त्या मुलीपुढे मला पहिलं वाक्य जुळेना. मग मी सरळ सांगितलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. दिवाणावर चुंबकाची गादी आहे, त्यावर ठेवलं की स्क्रीन विझते.

“चुंबकाची गादी?”

“हो.”

“म्हणजे… गादीत चुंबक कशाला?”

“पाठीसाठी.”

“अच्छा.” ती हसली नाही. हसू आवरलं असेल, मला कळलं नाही. “सॉरी काकू, मी समजून घेते आहे फक्त. मॅडमना माहीत होतं का हे?”

“नाही. गादी माझी आहे. म्हणजे मी यांना घ्यायला लावली. माळ्यावर ठेवली होती, मी बोलले म्हणून खाली अंथरली.”

“मला दाखवू शकाल का? मला वरती कळवावं लागेल, म्हणून.”

मी लॅपटॉप घेतला आणि दिवाणावर ठेवला. स्क्रीन काळी झाली. ती मुलगी गेली. आता मला फक्त काळ्या काचेत माझाच चष्मा दिसत होता.

“झाली बंद,” मी म्हणाले.

“काकू, मला तुम्ही दिसताय,” आतून आवाज आला. “अगदी स्पष्ट. मॅडम मागे उभ्या आहेत. तुम्हाला मी दिसत नाही का?”

“नाही.”

“ओह. म्हणजे त्या तासालाही असंच झालं असणार. मुलं चॅटमध्ये लिहीत होती, मॅडम, आवाज येतोय, मॅडम, आम्ही आहोत.” मग जरा हळू आवाजात, “काकू, एक विचारू? त्या रेकॉर्डिंगमध्ये जो आवाज आहे…”

“माझाच आहे,” मी म्हणाले.

आपण जिला पाहू शकत नाही तिने आपल्याकडे पाहत राहावं, हे मी तोवर अनुभवलं नव्हतं. तोंड कुठे करावं ते कळत नाही. उचलला असता तर स्क्रीन उजळली असती, पण मग तिचा चेहरा पाहावा लागला असता.

“ती काही नाटक करत नव्हती,” मी त्या काळ्या काचेला सांगितलं. “तास टाळत नव्हती. ती म्हणत होती की या खोलीतच बंद पडतो, ते खरं होतं. आम्ही ऐकलं नाही. मी जे बोलले ते खोटं होतं. तिच्या माहेरबद्दल बोलले तेही.”

“काकू, हा कॉल रेकॉर्ड होतोय. मी हे वरती दाखवलं तर चालेल ना तुम्हाला? पालकांनाही कदाचित ऐकवावं लागेल, ज्यांची तक्रार आहे त्यांना.”

हॉलमधून भावाचा खाकरल्याचा आवाज आला. तो ऐकत होता.

“चालेल,” मी म्हणाले.

भावजयीने पुढे येऊन लॅपटॉप उचलला आणि पुढचं ती बोलली. कोणते धडे राहिले, कोणत्या मुलाला भागाकार अजून येत नाही, राहिलेले तास कधी भरून काढता येतील. मी गादी ओढून काढली, गुंडाळली. चकत्या एकमेकींना चिकटत होत्या, गुंडाळी नीट होईना. माझं सगळं लक्ष त्यात घातलं. गादी उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकली, तिथे आई पाटावर बसून होती.

“भल्ली बोलतं तू बी,” आई म्हणाली. इतकं बोलू नये, हे मला सांगायचं तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले नाही.

नोकरी राहिली. पूर्ण नाही राहिली. तक्रार करणाऱ्या त्या बाईने आपल्या मुलाला परत पाठवलं नाही, आणि त्याच्या मैत्रिणीच्या घरच्यांनीही आपल्या मुलीला गटातून काढलं. कंपनीने तात्पुरता काळ आणखी वाढवला. मधल्या बुडालेल्या तासांचं कारण ‘तांत्रिक’ असं धरलं, पण पक्कं व्हायला तिला आता पुन्हा पहिल्यापासून स्वतःला दाखवून द्यावं लागणार होतं. हे तिने मला सांगितलं नाही. भावाने फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाला, “जाऊ दे ताई, तू मनाले लावून घेऊ नको.” माझ्या बाजूने बोलत होता. मला ते आणखी लागलं. बायकोची नोकरी अर्धी झाली होती आणि तो मला समजावत होता.

गादी सापडली त्याच रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीला निघताना मी भावजयीला म्हटलं, “चुकलं माझं.” ती चपलांच्या कपाटाजवळ उभी होती, माझी पिशवी हातात घेऊन.

“हो,” ती म्हणाली. आणि मग, “ताई, रविवारी नका येत जाऊ. माहे तास असतात. मधल्या वारी या.”

मधल्या वारी मला कार्यालय असतं, हे तिला माहीत आहे. मी मान हलवली.

तरी एका रविवारी जावंच लागलं, आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी पोचले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि तिचा तास चालू होता. भाऊ त्याच्या कृषी केंद्रात. मी चपला हातात घेऊनच आत आले आणि स्वयंपाकघरात आईजवळ बसले. आईने विचारलं, चहा ठेवू का. गॅस पेटवायच्या लायटरचा आवाज होतो, म्हणून मी हातानेच नको म्हटलं. तहान लागली होती, पण माठावरचं झाकण स्टीलचं आहे. दारापलीकडे ती कोणाला तरी विचारत होती, “आता सांग, छेद सारखे नसले तर आधी काय करायचं?” मग थांबली. त्या मुलाला उत्तर येत नसावं. ती वाट पाहत राहिली, आणि आम्ही दोघी इकडे तोंडं मिटून बसलो.